चौपन्न वर्षांचा पिता

वयाच्या ३८ व्या वर्षीं ५४ वर्षांचा बाप व्हावयाचें, आणि स्वतः ८२ वर्षांचें झालें तरी बापाचें वय ५४ च राखावयाचें, असा योग जपानी नट इचिरो नागाइ यांच्या कपाळीं होता. १९६९ च्या ऑक्टोबरांत 'साझाए-सान' ही हलत्या चित्रांची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. मचिको हासेगावा या चित्रकर्त्रीनें १९४६ पासून वृत्तपत्रांतून रेखाटलेलें तें कुटुंब. नायिका अर्थातच साझाए; तिचे वडील नामिहेइ, माथ्यावर एकुलता एक केस मिरविणारे, कोपिष्ट पण मायाळू, हें दुय्यम पात्र. त्यांना वाणी दिली नागाइ यांनीं.

क्योतो विद्यापीठांत ते फ्रेंच वाङ्मय शिकले होते, हें वाचून आम्हां शिक्षकांस अंमळ बरें वाटतें! परंतु 'सेइयू', म्हणजे केवळ आवाजानें अभिनय करणारे नट, यांस तेव्हां मान कितीसा? १९५० नंतरच्या दशकांत बड्या चित्रपट-कंपन्यांनीं आपले नट दूरचित्रवाणीस देण्याचें नाकारलें. परदेशी मालिका आणून त्यांवर जपानी बोल चढविणें भाग पडलें, आणि तें काम रंगभूमीवरील गरजू नटांनीं पत्करलें. धंदा असा अडचणींतून जन्मला, आणि त्याचा मेहनतानाहि तसाच.

८ ऑगस्ट १९७३ रोजीं या मंडळींनीं एक दिवस काम बंद ठेविलें. आवाजावर पोट भरणाऱ्यांनीं मौनाचें शस्त्र उपसावें यांत विनोद आहे खरा. पण दर सुमारें तिप्पट झाले. तरीहि पुरतें भागलें नाहीं. १९८८ सालीं नागाइ यांनीं 'ओरु योमिमोनो' मासिकांत लेख लिहिला, त्याच्या मथळ्यांतच नामिहेइंची वार्षिक प्राप्ति घातली : १६ लक्ष ४० हजार येन. मालिका साप्ताहिक, तेव्हां आठवड्यास साडेएकतीस हजारांच्या आसपास. कीर्ति आणि प्राप्ति यांची गांठ पडतेच असें नाहीं हें आपण जाणतों. पण तें आंकडा देऊन, आपल्याच लाडक्या पात्राच्या नांवें चारचौघांत सांगण्यास छाती लागते. भिडस्त मनुष्य गप्प बसता.

बाकीचीं कामेंहि बहुशः अशींच, नायकाच्या बाजूस उभें राहण्याचीं : १९७९ च्या 'गन्डम'चे निवेदक, १९८४ च्या 'नौसिका'मधील वृद्ध मितो, जपानी बोलांतील डंबलडोर.

२७ जानेवारी २०१४ रोजीं, कामानिमित्त हिरोशिमास गेले असतां, त्यांचा अंत झाला. आधींच मुद्रित झालेले भाग फेब्रुवारींत दाखविले गेले, आणि मग नामिहेइंचा आवाज चाफूरिन या नटाकडे गेला. त्यांचें वय तेव्हां ५२ होतें.