शक्ती मिल आणि 'पोरगा पुन्हा करणारच' ही समजूत

मागच्या भागाचं चित्रीकरण काशीत अमृतराव घाटावर केलं. पेशव्यांबद्दल बोलून झालं आणि एका मराठी गृहस्थांनी भलताच प्रश्न टाकला. सतरा वर्षांचा मुलगा बलात्कार करतो, तीन वर्षांनी सुटतो, तो पुन्हा तेच करणार नाही कशावरून? प्रश्न रास्त आहे. ज्या घरातल्या मुलीवर हे ओढवलं, त्या घराला तर तो विचारायचा पूर्ण हक्क आहे.

आपल्याकडे या विषयाचा इतिहास जुना आहे. कंपनी सरकारच्या 1850 च्या कायद्याने किरकोळ गुन्हे करणाऱ्या 10 ते 18 वर्षांच्या मुलांना तुरुंगाऐवजी कारागिराकडे शिकाऊ म्हणून ठेवायची सोय केली. डेव्हिड ससून यांच्या नावाची मुंबईतली सुधारशाळा त्याच दशकातली. पुढे 1924 चा मुंबई बालक कायदा आला, 1929 चा बोर्स्टल शाळांचा कायदा आला. पण हे कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते खिसेकापू आणि भटकी पोरं. लैंगिक गुन्हा करणारा मुलगा त्यांनी फारसा धरलाच नव्हता.

तो मुलगा महाराष्ट्रासमोर उभा राहिला 2013 साली, महालक्ष्मीजवळच्या ओसाड शक्ती मिलमध्ये. 31 जुलैला एका टेलिफोन ऑपरेटर तरुणीवर आणि 22 ऑगस्टला एका छायाचित्रकार पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. दोन्ही गुन्ह्यांत मोठ्यांच्या टोळीबरोबर एकेक अल्पवयीन होता. आता नीट पाहा. बावीस दिवसांत तोच गुन्हा पुन्हा केला म्हणून कलम 376-ई खाली एप्रिल 2014 मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली (नोव्हेंबर 2021 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली). ते तिघेही प्रौढ होते. पुन्हा करणारे मोठे होते आणि दर वेळी सोबतीला पोर मात्र वेगळं होतं. त्या दोघा अल्पवयीनांना 2015 मध्ये बाल न्याय मंडळाने दोषी ठरवून तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत पाठवलं.

दिल्लीच्या 2012 च्या प्रकरणातला अल्पवयीन 20 डिसेंबर 2015 ला सुटला. दोनच दिवसांत राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. त्यानुसार अतिगंभीर गुन्ह्यात 16 ते 18 वर्षांच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. लोकांचा संताप मला समजतो, पण संतापात नकाशा वाचता येत नाही.

मग आकडे काय म्हणतात? मायकेल कॉल्डवेल या अमेरिकी संशोधकाने 2016 मध्ये 106 अभ्यास एकत्र केले. त्यांत असा गुन्हा केलेली 33,783 मुलं होती. सुमारे पाच वर्षांच्या पाठपुराव्यात पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेली निघाली 5 टक्क्यांच्या आत. अर्थात, हे फक्त उघडकीला आलेले गुन्हे, आणि तेही परदेशातले. पण हीच मुलं पुढे चोरी, मारामारी अशा इतर गुन्ह्यांत कितीतरी जास्त सापडतात. म्हणजे बहुतेकांचा रोग 'विकृती' हा नाही. बेबंद वागणं, वाईट संगत, घरातली मारझोड, लहानपणी स्वतःवर झालेला अत्याचार, शाळा सुटणं, असं सगळं त्यात गुंतलेलं असतं. काही थोडे खरोखर धोकादायक असतात. लहान मुलांचं लैंगिक आकर्षण किंवा पकडलं गेल्यावरही तेच करत राहणं, ही त्यांची खूण. त्यांना वेगळं ओळखायलाच हवं. सगळ्यांना एकाच पट्टीने मोजलं, तर तेच नजरेतून सुटतात.

आणखी एक गैरसमज असा की ही मुलं अनाथ, रस्त्यावरची. 'क्राइम इन इंडिया'चे तक्ते पाहा. कायद्याच्या कचाट्यात आलेली बहुतेक मुलं आईवडिलांजवळ राहणारी असतात. शिवाय 2012 च्या पॉक्सो कायद्याने संमतीचं वय 18 झाल्यापासून कॉलेजातली प्रेमप्रकरणंही याच रकान्यात येतात. तो मुलगा आणि शक्ती मिलमधला मुलगा एकच कसे?

फौजेत साडेसतरा वर्षांचं पोर भरती होतं. त्याच्या हातात रायफल देतो, पण मागे उस्ताद उभा असतो. मिसुरीत चार्ल्स बोर्डुइन यांनी साधारण हेच केलं. मुलाला एकट्याला समुपदेशकासमोर न बसवता त्याचं घर, शाळा आणि मित्र यांच्यावर काम केलं, आणि पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलं. आपल्याकडे परिवीक्षा अधिकारी मंडळासाठी मुलाचा सामाजिक तपास अहवाल लिहितो. घर, संगत, शाळा सगळं त्यात असतं. तो अहवाल निकालाआधीचा. मुलगा सुटून त्याच वस्तीत, त्याच टोळक्यात परत गेला की त्याच्या दारात कोण जातं, हे त्या काशीच्या गृहस्थांनी विचारायला हवं होतं.