कोयनेलचें झाड आणि डोंगराची माती

एके काळीं हिंदुस्थानांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत कोयनेलच्या गोळ्यांची बाटली नाहीं असें घर क्वचितच आढळे. भाद्रपद-आश्विनाचे दिवस आले, डबक्यांतून डांस वाढले, कीं दिवसाआड थंडी वाजून येणारा हिवताप गांवोगांव फिरूं लागे; आणि मग ती कडूजहर गोळी गुळाच्या खड्यांत दडवून मुलांच्या गळ्याखालीं उतरविण्याचा खटाटोप घरोघर चाले. ही गोळी कोणत्या झाडापासून निघते हें पुष्कळांना ठाऊक असे. परंतु तें झाड कोणत्या मातींत उभें राहतें, आणि त्या मातीच्या शोधांत किती माणसें खपलीं व किती पैसा व्यर्थ गेला, हा इतिहास फारसा सांगितला जात नाहीं. वस्तुतः कोयनेलचा इतिहास हा जितका वैद्यकाचा, तितकाच मातीचा इतिहास आहे.

या झाडाचें नांव सिंकोना. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेनें आंडीज पर्वताची जी प्रचंड रांग गेली आहे, तिच्या अरण्यमय उतारांवर, व्हेनेझुएला-कोलंबियापासून बोलिव्हियापर्यंत, हें झाड आपोआप उगवतें. तें सपाटीवर उतरत नाहीं आणि हिमरेषेजवळही जात नाहीं. बारमास धुकें, वरचेवर पाऊस आणि पायाखालीं खोल माती, एवढीं त्याच्या संसाराचीं साधनें. ही माती चिकण जातीची असते. पण चिकण म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें देशावरची काळी जमीन उभी राहते, ती नव्हे. काळी चिकण पावसांत फुगते, पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यांत हात हात भेगाळते. डोंगरउतारावरील तांबूस चिकणीचा स्वभाव निराळा. तींतील लोहाच्या क्षारांनीं सूक्ष्म कण एकमेकांस बांधले जाऊन त्यांचे बारीक रवे बनतात. रव्यारव्यांमध्यें पोकळी राहते. वर रानाच्या पालापाचोळ्याचा थर कुजत असतो. त्यामुळें ओलावा टिकतो, पण पाणी तुंबत नाहीं. जास्त झालेलें पाणी उताराच्या ओढीनें खालीं निघून जातें. सिंकोनाच्या मुळांस नेमकें हेंच हवें. पाणी चार दिवस मुळाशीं साचलें कीं झाड पिवळें पडतें, आणि मग कोणताही माळी त्यास वांचवूं शकत नाहीं.

युरोपांत ही साल सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पोंचली, ती मुख्यतः जेझुइट पंथाच्या पाद्र्यांच्या हातून. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीनें बरी झाली व तिनेंच ती स्पेनला आणली, अशी एक गोड कथा पुष्कळ वर्षें प्रचारांत होती. त्याच कथेवरून लिनिअसनें १७४२ सालीं या झाडाचें नांव ठेविलें, आणि ठेवतांना एक अक्षर गाळलें! पुढें जुने कागद तपासले गेले, तेव्हां काउंटेस स्पेनला परतण्यापूर्वींच कार्ताहेना बंदरीं १६४१ मध्यें वारली होती असें निष्पन्न झालें. कथा गेली, नांव मात्र राहिलें. १८२० सालीं पॅरिस येथें पेल्तिये व काव्हान्तू या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं सालींतून कोयनेल हें सत्त्व वेगळें काढलें. तेव्हांपासून सालीचें मोल तिच्यांत सत्त्व किती निघतें यावर ठरूं लागलें.

मोल वाढलें तशी तोडही वाढली. साल काढणारे लोक रानांत आठवड्यांचे आठवडे हिंडत, झाड आडवें पाडून सोलीत आणि पुढें जात. नवीन लावण्याची चिंता कोणी वाहिली नाहीं. इकडे इंग्रजांचें राज्य हिंदुस्थानांत पसरलेलें, फौजा तापानें बेजार आणि औषधासाठीं सर्व भिस्त परक्या देशाच्या रानावर. तेव्हां झाडच इकडे आणावें असा विचार बळावला. डच लोक यांत एक पाऊल पुढें होते. हास्कार्ल याच्या हस्तें त्यांनीं १८५४ मध्येंच रोपें जावा बेटांत नेलीं होतीं.

इंग्रजांच्या वतीनें क्लेमंट्स मार्कहॅम १८५९ च्या अखेरीस निघाला. पेरूच्या आग्नेय भागांतील रानांतून त्यानें रोपें मिळविलीं. स्थानिक अधिकाऱ्यांचा विरोध चुकवून बंदरापर्यंत आणलीं. पण तांबड्या समुद्रांतील उष्म्यानें त्यांची दैना झाली व त्यांतून कांहींच हातीं लागलें नाहीं. खरें यश मिळालें तें रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिशास्त्रज्ञास. हा मनुष्य दहा-अकरा वर्षें ॲमेझॉनच्या व आंडीजच्या रानांत काढून शरीरानें खचला होता. १८६० च्या वसंतांत त्याचे पाय जवळजवळ लुळे पडले. तशा स्थितींत तो इक्वाडोरमधील चिंबोरासो पर्वताच्या पश्चिम उतारावर लिमोन नांवाच्या ठिकाणीं जाऊन राहिला. तांबड्या सालीचा सिंकोना तेथें होता. त्यानें रानाच्या मालकांशीं रीतसर करार करून पैसे भरले, बीं पिकण्याची वाट पाहिली, आणि रॉबर्ट क्रॉस नामक माळ्याच्या साहाय्यानें सुमारें एक लाख बिया व सहाशेंवर रोपें तयार केलीं. रोपें वॉर्डच्या पेट्यांत, म्हणजे कांचेच्या झांकणाच्या बंद पेटाऱ्यांत, बसवून तराफ्यावरून नदीनें ग्वायाकिल बंदरास नेलीं. वाटेंत पूर आलेल्या प्रवाहांत तराफा काठच्या झाडांवर आदळला. पेट्या वांचल्या हें दैव.

यास चोरी म्हणावें काय? स्प्रूसनें पैसे मोजले होते आणि त्या वेळीं इक्वाडोरांत मनाई नव्हती. मनाईचा कायदा लगेच पुढें, १८६१ मध्यें आला. परंतु ज्या देशाच्या उतारावर हें झाड वाढलें, त्या देशाला त्यानंतरच्या अफाट लाभांतून कांहीं मिळालें नाहीं, हेंही तितकेंच खरें. कागदावरचा करार निर्दोष असला म्हणजे न्याय झालाच असें नाहीं.

क्रॉसनें तीं रोपें एप्रिल १८६१ मध्यें नीलगिरीवर उटकमंड येथें पोंचविलीं. तेथील सरकारी बागेचा अधीक्षक विल्यम मॅकआयव्हर हा हाडाचा माळी होता. कलमें करून, डोळे लावून त्यानें थोडक्याच वर्षांत रोपांची संख्या लाखांवर नेली. उंच थंड जागीं, दोडाबेट्टाच्या कुशींत, त्यानें लोहा प्रांतांतील जात लाविली. आणि पश्चिमेकडे खालीं उतरणाऱ्या नडुवट्टमच्या उतारांवर तांबड्या सालीची. नीलगिरीच्या घळींतून जीं दाट, ठेंगण्या झाडांचीं रानें आहेत त्यांस तिकडे शोला म्हणतात. त्यांच्या खालची माती आंडीजच्या मातीची सख्खी बहीण म्हणावी अशी: तांबूस, खोल, रवाळ, वर काळ्या कुजलेल्या पाल्याचा थर, आणि दोन्ही पावसाळ्यांचा थोडाथोडा लाभ. झाडें तेथें रुजलीं यांत नवल नाहीं. नवल असेल तर हें, कीं ज्या रानानें ती माती शतकानुशतकें घडविली तेंच रान प्रथम तोडावें लागलें. नडुवट्टम येथें हें तोडणें व लावणें करण्यासाठीं मलायाकडून पाठविलेल्या चिनी कैद्यांस राबविलें गेलें.

मॅकआयव्हरची एक युक्ति सांगण्यासारखी आहे. झाड न पाडतां तो खोडावरील सालीची एक पट्टी काढी आणि उघड्या जागेवर ओलें शेवाळ बांधून ठेवी. त्याखालीं नवी साल धरे, आणि ती मूळ सालीहून सत्त्वानें कमी नसे. आंडीजमधील तोड्यांनीं जें झाड एकदां मारून घेतलें, तेंच नीलगिरीवर पुनःपुन्हां दुभतें झालें.

नीलगिरीचें यश पाहून मुंबई सरकारलाही हुरूप आला. सह्याद्रि हाही पर्वतच. महाबळेश्वर उंच, थंड, रानानें वेढलेलें. तेव्हां १८६५ च्या सुमारास महाबळेश्वराजवळ लिंगमळा येथें, वेण्णा नदीच्या धबधब्याशेजारीं, सिंकोनाची सरकारी लागवड सुरू झाली. अधिकाऱ्यास राहण्यास बंगला झाला, रोपें लागलीं, खर्च होत राहिला, आणि सुमारें दहा वर्षांनीं सर्व प्रयोग गुंडाळावा लागला.

येथें उंचीनें व थंडाव्यानें फसविलें असें म्हणणें भाग आहे. महाबळेश्वराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचें जाड झांकण आहे. जांभा हाही मूळचा खडक कुजूनच झालेला. परंतु त्यांतील लोह इतकें एकवटलेलें असतें कीं तो उघडा पडला, हवा लागली, कीं विटेसारखा कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशानें मलबारांत लोक जांभ्याच्या विटा कापून घरें बांधतात हें पाहूनच १८०७ सालीं त्यास विटेवरून लॅटिन नांव दिलें. आपल्या कोंकणांत तर चिऱ्याच्या भिंती दारोदार आहेत. अशा दगडावर माती असते ती कोठें वीत, कोठें हात. त्यावर पाऊस पडतो तो दोनशें इंचांहून अधिक, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत उथळ माती चिंब होऊन मुळें गुदमरतात. पुढें कार्तिकापासून वैशाखापर्यंत आभाळ कोरडें, आणि उथळ मातींतील ओल पाहतां पाहतां उडून जाते. आंडीजचें झाड एका वर्षांत बुडणें आणि भाजणें दोन्ही सोसणार कसें? पर्वत, रान, उंची हीं सारीं असून खोली नव्हती. कुदळीचे चार घाव आधीं घातले असते तर पुष्कळ खर्च वांचता, असें आज म्हणणें सोपें आहे. पण त्या काळीं उंची व उष्णमान मोजण्याचीं यंत्रें अधिकाऱ्यांच्या खिशांत असत, मातीचें शास्त्र मात्र अजून जन्मास यावयाचें होतें.

तिकडे पूर्वेस दार्जिलिंगजवळ मंगपू येथील उतारांवर कलकत्त्याच्या सरकारी उद्यानाचा अधिकारी थॉमस अँडरसन व त्याच्या मागून आलेल्यांनीं चांगलें यश मिळविलें. तांबड्या सालींत शुद्ध कोयनेल थोडें, पण त्याचीं भावंडें, म्हणजे तीन इतर सत्त्वें, पुष्कळ निघत. त्यांचा ताप हटविण्यास उपयोग होतो काय, हें पाहण्यासाठीं १८६६ सालीं मद्रास, बंगाल व मुंबई इलाख्यांत डॉक्टरांकडून रोग्यांवर प्रयोग करविण्यांत आले. तीं सत्त्वेंही गुणकारी ठरलीं. मग मंगपू येथें सर्व सत्त्वांचें मिश्र स्वस्त चूर्ण निघूं लागलें, आणि १८९२ पासून बंगाल्यांत टपाल कचेरीच्या खिडकीवर एका पैशास कोयनेलची पुडी मिळूं लागली. इंग्रज सरकारचा मूळ हेतु फौज सांभाळण्याचा होता यांत शंका नाहीं. तथापि पैशाच्या पुडीनें खेड्यांतील कुळवाड्याच्या घरांतही औषध पोंचविलें. ताप डांसांमुळें पसरतो हें रोनाल्ड रॉसनें सिकंदराबादेस व कलकत्त्यास १८९७-९८ मध्यें सिद्ध केलें. म्हणजे औषध अडीचशें वर्षें आधीं आलें, आणि रोगाचें मूळ नंतर कळलें.

शेवटीं बाजी मारली ती डचांनीं, तीही एका गरीब माणसाच्या जिवावर. जावांत त्यांनीं आरंभीं निःसत्त्व सालीच्या जातीचीं झाडें दाट रानाच्या सावलींत लाखांनीं लावून हात पोळून घेतले होते. १८६५ सालीं चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून मानुएल इन्क्रा मामानी नांवाच्या बोलिव्हियांतील आयमारा माणसानें उत्तम झाडांचें बीं जमा करून आणलें. त्यासाठीं तो चार वर्षें थांबला होता. दरवर्षीं हिंव पडून फुलोरा जळे, आणि हलक्या झाडांचें बीं देणें त्यास रुचलें नाहीं. लंडनमध्यें त्या बियांस सरकारी गिऱ्हाईक मिळेना. डच सरकारनें त्यांतील पौंडभर बीं क्षुल्लक किंमतीस घेतलें. त्यापासून जीं झाडें झालीं त्यांच्या सालींत शेंकडा दहा, क्वचित् तेराही टक्के कोयनेल निघालें. जावाच्या ज्वालामुखी पर्वतांची माती खोल व सच्छिद्र होतीच. तरी या जातीचीं मुळें नाजूक, म्हणून डचांनीं तिचें कलम तांबड्या सालीच्या सिंकोनाच्या दणकट मुळावर बांधलें. मामानी पुढें पुन्हां बीं गोळा करावयास गेला असतां पकडला गेला. तुरुंगांत त्यास बेदम मारलें, आणि त्यांतच तो मेला. झाडास मात्र लेजरचें नांव मिळालें.

यानंतर इतरांचा निभाव लागला नाहीं. कॉफीवर तांबेरा पडून बुडालेल्या सिंहलद्वीपांतील मळेवाल्यांनीं सिंकोना भरमसाट लाविला, त्यामुळें १८८० नंतर सालीचा भाव कोसळला, आणि त्यांनीं झाडें उपटून चहा लाविला. नीलगिरीवरही हळूहळू तेंच झालें. जगाचें बहुतेक कोयनेल एकट्या जावांतून येऊं लागलें. इतकें, कीं १९४२ मध्यें जपाननें तें बेट घेतलें तेव्हां दोस्त राष्ट्रांच्या फौजांना औषधाचा तुटवडा भासूं लागला. त्या निकडींतून कृत्रिम औषधें पुढें आलीं आणि महायुद्धानंतर क्लोरोक्विननें कोयनेलची जागा घेतली. पण हिवतापाचे जंतु क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले, तेव्हां अत्यवस्थ रोग्यासाठीं डॉक्टरांना पुन्हां त्याच सालीच्या सत्त्वाकडे वळावें लागलें. चीनमधील एका वनस्पतीपासून निघालेल्या औषधानें त्यास मागें सारलें तें एकविसाव्या शतकांत.

लिंगमळ्याचा धबधबा पाहण्यास लोक पावसाळ्यानंतर गर्दी करतात. सिंकोनाचें नांव तेथें क्वचितच कोणाच्या कानीं पडतें. नडुवट्टमच्या उतारांवर आज चहा आहे, आणि चिनी कैद्यांचा जुना तुरुंग त्या मळ्यांत अजून उभा आहे.