घाट उतरताना ब्रेक का दगा देतात? ब्रेकचे प्रकार कोणते आणि ते कसे वापरायचे, जाणून घ्या

लोणावळा : खंडाळ्यातून बोरघाटाने खोपोलीकडे उतरताना गाडीचे ब्रेक फेल झाल्याच्या बातम्या मावळवासीयांना नव्या नाहीत. पण प्रत्येक वेळी ब्रेक आधीपासून खराब असतातच असे नाही. चांगले ब्रेकही चुकीच्या वापराने निकामी होतात. त्यामुळे आपल्या गाडीला कोणते ब्रेक आहेत आणि ते कसे वापरायचे, हे प्रत्येकाला माहीत हवे.

ब्रेक तापतात म्हणजे काय?

ब्रेक घर्षणावर चालतात आणि घर्षणातून उष्णता तयार होते. १० टनांचा ट्रक ५०० मीटर खाली उतरतो तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात साधारण दीडशे लिटर गार पाणी उकळेल. हा सगळा भार ब्रेकवरच टाकला तर लायनर जळल्याचा वास येतो, धूर निघतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात ओलावा मुरलेला असतो. ते तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल एकदम खाली जाते.

ब्रेकचे मुख्य प्रकार

• ड्रम ब्रेक : चाकाच्या ड्रममध्ये ब्रेक शू आतून घासतात. स्वस्त आणि टिकाऊ, पण बंदिस्त असल्याने लवकर थंड होत नाहीत. आत पाणी गेले की पकड कमी होते.

• डिस्क ब्रेक : उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. लवकर थंड होतात, पावसातही पकड चांगली राहते.

• एअर ब्रेक : ट्रक आणि बसला असतात. हवेचा दाब पुरेसा झाल्याशिवाय गाडी हलवू नये. दाब कमी झाल्याचा दिवा लागला किंवा बझर वाजला तर लगेच सुरक्षित जागी थांबावे.

• सीबीएस आणि एबीएस : १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींपैकी १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस, तर त्यावरील गाड्यांना एबीएस बंधनकारक करण्यात आले. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. एबीएस असलेल्या कारमध्ये अचानक थांबायचे असेल तर पेडल जोरात दाबून धरा, सोडू नका. पायाला थरथर जाणवली तर घाबरू नका.

• इंजिन ब्रेक : वेगळे पेडल नाही. खालच्या गियरमध्ये रेस सोडली की इंजिनच गाडीला मागे ओढते. घाटात खरा आधार याचाच.

घाट उतरताना काय करावे?

१. उतार सुरू होण्याआधीच गियर कमी करा. ज्या गियरमध्ये चढ चढला असता, त्याच गियरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक कार असेल तर 'एल' किंवा मॅन्युअल मोड वापरा.

२. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका. इंजिन बंद पडले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. चार पैसे वाचतील, पण जीव धोक्यात येईल.

३. पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, वेग कमी झाला की सोडा.

४. स्कूटरला बाइकसारखे गियर नसतात. सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून मध्ये थांबून ब्रेक थंड होऊ द्या.

५. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो.

ट्रॅक्टर असेल तर

शेतात जागेवर वळण्यासाठी ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक असतात. चिखलणी करून रस्त्यावर येताना दोन्ही पेडल कडीने जोडायला विसरू नका. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटू शकतो. भरलेल्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते. वेग अगदी कमी ठेवा.

पावसाळ्यात

ताशी ६० किलोमीटर वेगात ब्रेक दाबायला एक सेकंद लागला तरी गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. ओल्या रस्त्यावर त्यापुढे थांबायलाही जास्त अंतर लागते. पाण्यातून गाडी काढल्यावर हळू चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, म्हणजे ड्रम सुकतात. दुचाकीवर दोन्ही ब्रेक एकत्र वापरा. वळणावर नाही, वळणाआधीच वेग कमी करा.

ब्रेक लागलेच नाहीत तर?

पेडल भराभर दाबा-सोडा, पुन्हा दाब येऊ शकतो. एकेक करत गियर खाली आणा. कारचा हँडब्रेक झटक्यात न ओढता हळूहळू ओढा. हॉर्न वाजवा, चारही इंडिकेटर लावा. थांबायला दुसरा मार्गच नसेल तर दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला गाडी घासत न्या. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

घरून निघताना एवढे तपासा

ब्रेक ऑइलची पातळी, पॅड-लायनरची झीज आणि टायर पाहा. ब्रेक ऑइल कंपनीने दिलेल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांत साधारण दोन वर्षांनी, बदला. पेडल मऊ लागत असेल, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा करकर आवाज येत असेल, तर आधी मेकॅनिककडे जा, मगच घाटाकडे निघा.