दारातली लाल बादली

स्मरणिका समितीने "सांस्कृतिक कार्यक्रमांवर काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा आपल्या गणेशोत्सवातल्या विविध गुणदर्शनाचा इतिहास लिहावा असं आधी मनात आलं. पण तो सर्व सभासदांना तोंडपाठ आहे. म्हणून दुसऱ्याच एका विविध गुणदर्शनाची हकिकत सांगतो. ते मी न्यूयॉर्कला पाहिलं.

२०१९ च्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सीला होतो. नोव्हेंबरात त्याने ब्रॉडवेवर एक संगीत नाटक दाखवायला नेलं. प्रयोग संपला, टाळ्या झाल्या आणि पडदा पडायच्या आधी मुख्य नट पुढे येऊन मदतीचं आवाहन करू लागला. बाहेर पडताना पाहतो तर काय, आत्ता स्टेजवर नाचणारी मंडळी तोंडाचा रंगही न पुसता दारात लाल बादल्या घेऊन उभी! लोक त्यात नोटा टाकत होते. एवढं महागाचं तिकीट काढल्यावर ही वर्गणी कसली, असं वाटून मी हात खिशातच ठेवला. मुलाने वीस डॉलर टाकले आणि म्हणाला, "बाबा, पुढच्या महिन्यात याचाच हिशेब बघायला जाऊ." हिशेब म्हटल्यावर बँकवाला नाही कसा म्हणणार?

त्या बादलीमागचा इतिहास असा. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या एका विचित्र आजाराची नोंद प्रसिद्ध केली. त्यालाच पुढे एड्स हे नाव मिळालं. न्यूयॉर्कच्या नाट्यसृष्टीत तर या रोगाने हाहाकार माजवला. नट, नर्तक, वेशभूषाकार, वादक ऐन तारुण्यात जाऊ लागले. 'अ कोरस लाइन' हे अतिशय गाजलेलं नाटक उभं करणारे मायकेल बेनेट १९८७ मध्ये ४४ व्या वर्षी गेले. औषध जवळजवळ नव्हतंच. घरमालक जागा सोडायला लावत, नातलगही पाठ फिरवत.

तेव्हा ही मंडळी सरकारची वाट बघत बसली नाहीत. १९१३ साली स्थापन झालेल्या नटांच्या युनियनने १९८७ मध्ये मदतनिधी काढला. १९८८ मध्ये निर्मात्यांनी आपला वेगळा निधी काढला. १९९२ मध्ये दोन्ही एक झाले. युनियन आणि मॅनेजमेंट एका खात्यावर सही करतात, हे माझ्या सबंध नोकरीत मी पाहिलं नाही!

१९८९ पासून दरवर्षी हिवाळ्यात हा कार्यक्रम होऊ लागला. त्याआधी सहा आठवडे रोज प्रयोगानंतर निरनिराळ्या नाटकांच्या कंपन्या बादल्या घेऊन पैसे जमवतात. मग सगळ्या कंपन्या एका रंगमंचावर येतात. या नाटकातून त्या नाटकात फिरणाऱ्या, मागच्या रांगेत नाचणाऱ्या कलावंतांना तिथे 'जिप्सी' म्हणत, म्हणून कार्यक्रमाचं नाव होतं 'जिप्सी ऑफ द इयर'. हा शब्द रोमा लोकांना अपमानकारक वाटतो, हे ध्यानात घेऊन २०१९ मध्ये त्याचं 'रेड बकेट फॉलीज' असं नवं बारसं झालं. आम्ही गेलो ते त्याच वर्षी.

बेचाळिसाव्या रस्त्यावरचं न्यू ॲमस्टरडॅम हे १९०३ सालचं थिएटर. एरवी तिथे 'अल्लादीन' चालतं. सोमवारी बहुतेक नाटकांना सुट्टी असते, म्हणून कार्यक्रम सोमवारी दुपारी. प्रत्येक कंपनीने स्वतः रचलेला छोटासा प्रवेश किंवा नाच. रोज मागच्या रांगेत असणारे त्या दिवशी पुढे. कोणी आपल्याच नाटकाची टर उडवली, कोणी गेलेल्या मित्राची आठवण सांगितली. इंग्रजी विनोद मला निम्मेच कळले. हिचं हसणं मात्र माझ्या आधी सुरू व्हायचं. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगानंतर आकडा जाहीर झाला: पन्नास लाख डॉलरहून अधिक. हा पैसा आजाऱ्यांची औषधं, जेवण, घरभाडं यासाठी देशभरच्या संस्थांना जातो.

आता, कलावंतांनी निधी जमवणं आपल्याला नवं नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, एकत्र उभे राहिले. पण तो निधी स्वराज्यासाठी होता, त्यात सगळ्यांनाच अभिमान. हा निधी होता ज्यांच्याजवळ बसायलाही लोक घाबरत त्यांच्यासाठी. ब्रॉडवेवर हा कार्यक्रम सुरू झाला त्याच १९८९ साली आपल्या गोव्यात डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला, म्हणून त्याला धरून एका जुन्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं होतं.

आणि गोव्याकडे तरी कशाला बोट दाखवू? नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. आमच्या शिपायाला हा आजार असल्याची कुजबुज सुरू झाली. त्याचा चहाचा कप वेगळा झाला. त्याच्या हातातलं व्हाउचर लोक टोकाला धरून घेऊ लागले. मी अधिकारी होतो, एका शब्दाने हे थांबवू शकलो असतो. तो शब्द मी उच्चारला नाही. पुढे तो रजेवर गेला तो परत आलाच नाही. तो गेल्यावर आम्ही वर्गणी काढली, पाकीट त्याच्या पत्नीला दिलं. यादीत पहिलं नाव माझं होतं. पण तो अंथरुणावर असताना त्याच्या घरी कोणीही गेलं नव्हतं. मीही नाही.

त्या सोमवारी थिएटरात मला तो वेगळा कप आठवत राहिला. बाहेर पडताना दारात पुन्हा बादली होती. या वेळी हात खिशात राहिला नाही.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. वॉचमन, झाडूवाले, घरकामाच्या बायका यांतली निम्मी माणसं पहिल्या दिवसापासून आपल्याबरोबर आहेत. त्यांच्यापैकी कोणी आजारी पडलं की आपण नोटीस बोर्डावर आवाहन लावतो, आणि ते बहुधा उशिरा लागतं. माझी कमिटीला सूचना आहे: रौप्यमहोत्सवी कार्यक्रमाच्या दिवशी आपल्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलांनी रंगलेल्या तोंडाने हॉलच्या दारात एक बादली घेऊन उभं राहावं. हिशेब मी ठेवीन. आणि कोणी आजारी पडलं, तर पाकीट घेऊन त्याच्या घरीही मीच जाईन.