घटस्फोटानंतरचा पुनर्विवाह : अमेरिकेतील प्रतीक्षा-मुदतीचा कायदा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या पुनर्विवाहाविषयी आमच्याकडे विचारणा होते, तेव्हा न्यायालयाचा हुकूमनामा हाती आला म्हणजे मार्ग मोकळा झाला, असा समज पुष्कळांचा असतो. तो अपुरा आहे.

अमेरिकेत विवाहविषयक कायदे केंद्राचे नसून ज्या त्या राज्याचे आहेत. बहुतेक राज्ये घटस्फोटितांना थांबावयास लावत नाहीत. टेक्सासमध्ये ३० दिवस थांबावे लागते. सबळ कारण असल्यास न्यायाधीश ती मुदत माफ करतात आणि पूर्वीच्याच जोडीदाराशी पुन्हा विवाह करावयाचा असल्यास ती लागूच नाही. नेब्रास्कात ही मुदत ६ महिन्यांची आहे. कॅलिफोर्नियातील ६ महिने मात्र निराळे : ते निकालापूर्वीचे असून तोवर पहिले विवाहबंधनच कायद्याने संपत नाही.

सर्वांत कडक विस्कॉन्सिन. तेथील निकालानंतर ६ महिन्यांच्या आत जगात कोठेही विवाह केला, तरी ते राज्य तो अवैध मानते. मिलवॉकीहून शिकागो दीड तासाच्या रस्त्यावर, इलिनॉय राज्यात आहे. तेथे जाऊन, किंवा डिसेंबरच्या सुटीत भारतात येऊन, लग्न उरकण्याचा मोह होतो. पण त्याने काही साधत नाही. पुढे वारसाहक्काचा प्रश्न निघाला, किंवा पती-पत्नीच्या नात्यावर ग्रीन कार्ड मागितले, म्हणजे तारखांचा हिशेब होतो.

वास्तविक जेथे विवाह झाला तेथे तो वैध असेल, तर इतरत्रही वैध, असा सर्वसाधारण नियम आहे. १९३४ साली लॉफ्रन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, राजधानी वॉशिंग्टनच्या कायद्यात पुनर्विवाहास मनाई असतानाही, फ्लोरिडात झालेला विवाह मान्य केला. कारण बाहेर झालेला विवाह रद्द ठरविणारे कलम त्या कायद्यात नव्हते. विस्कॉन्सिनच्या कायद्यात तशी तरतूद आहे.

ख्रिस्तसभेचा प्रश्न याहून वेगळा. मुलकी घटस्फोटाने संस्काराचे बंधन सुटत नाही. पहिला विवाह मुळातच अवैध असला, तरी तसे रीतसर सिद्ध होईपर्यंत दुसरा विवाह करता येत नाही, असे कॅनन १०८५ सांगते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली दुसऱ्या दुजोरा-निकालाची अट काढली. तरीही त्या चौकशीला इतका अवधी लागतो, की राज्याची मुदत बहुधा केव्हाच उलटून गेलेली असते. अडकतात ते घाईने नोंदणी विवाह करणारे.

म्हणून हॉल ठरविण्यापूर्वी हुकूमनामा कोणत्या राज्याचा आणि कोणत्या तारखेचा आहे, हे पाहून तो आपल्या धर्मगुरूंना दाखवावा.