गणेशखिंडीतला वाडा

पुणे विद्यापीठात शिकायला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींशी मला आज बोलायचं आहे. कोणता विभाग कुठे, वसतिगृहाचा अर्ज कधी भरायचा, हे सारं माहितीपत्रकात मिळेल. मी सांगणार आहे ते त्या जागेविषयी. लहान गावातून पहिल्यांदाच आलेली मुलं ती दगडी मुख्य इमारत आणि तिचा मनोरा पाहून बिचकतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. एवढ्या मोठ्या ठिकाणी आपलं काय काम, असं त्यांना वाटतं.

तसं वाटावं, अशीच ती वास्तू होती! मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६४ मध्ये तिचं काम सुरू झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीच्या दिवसांत गव्हर्नरसाहेबांच्या पावसाळी मुक्कामासाठी हा वाडा उभारायला घेतला. १८७१ मध्ये तो पुरा झाला, तोवर तेजी केव्हाच ओसरली होती. खर्चावरून थेट विलायतेत टीका झाली.

याच वाड्यात २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा झाला. पुणं तेव्हा प्लेगनं आणि घरोघरच्या झडत्यांनी होरपळून निघालं होतं. समारंभाहून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी आणि आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच वर्षी, त्याच साथीत, १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, हे त्याला जोडून कुणी सांगत नाही. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली होती. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या बाईंचा त्या वाड्याशी काय संबंध? काहीच नव्हता.

पुढे स्वातंत्र्य आलं. तोवर पुण्यातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचा कायदा झाला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीचा कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम अतिथिगृहातून चाले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी पुढाकार घेतला आणि गव्हर्नरांचा वाडा, भोवतालच्या चारशेहून अधिक एकर जागेसह, विद्यापीठाला मिळाला. नव्या राज्यकर्त्यांना तो स्वतःसाठी ठेवता आला असता. त्यांनी तो विद्यार्थ्यांना दिला. पुढे तिथे एकेक विभाग आला, वसतिगृहं झाली. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्थाही याच परिसरात उभी राहिली.

२०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. प्लेगच्या त्या वर्षी वाड्यात महोत्सव करणारे गेले आणि रुग्णसेवेत प्राण देणाऱ्या बाईंचं नाव त्या आवाराला लागलं. नुसत्या नावानं काम होत नाही, हे खरं. ज्यांच्या घरात आजवर कुणी महाविद्यालयाची पायरी चढलं नाही, त्यांची मुलं-मुली तिथे शिकू लागली, टिकली, पदवी घेऊन बाहेर पडली, तरच त्या नावाला अर्थ.

म्हणून बिचकू नका. ती जागा तुमच्यासाठीच मिळवलेली आहे. प्रवेश झाला, की पहिल्याच आठवड्यात जयकर ग्रंथालयाचं कार्ड काढा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)