एक चाल, अनेक भाषा : सीव माल्मक्विस्ट यांची गायन-कारकीर्द

विसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील लोकप्रिय गीत एका देशातून दुसऱ्या देशात जाई, ते बहुधा भाषा बदलूनच. चाल तीच राही. शब्द मात्र त्या त्या देशाच्या भाषेत नव्याने रचले जात. ध्वनिमुद्रिकांच्या या व्यवहारात परदेशी श्रोता मिळवावयाचा, तर गायकाला त्याची भाषा उच्चारावी लागे. स्वीडनच्या गायिका सीव माल्मक्विस्ट यांची कारकीर्द हे या व्यवहाराचे ठळक उदाहरण होय. भाषा ही राष्ट्राची खूण मानावी की गायनाचे साधन, असा प्रश्न या कारकिर्दीमुळे उपस्थित होतो.

माल्मक्विस्ट यांचा जन्म ३१ डिसेंबर १९३६ रोजी लांड्सक्रूना या बंदराच्या गावी झाला. हे गाव स्कोने प्रांतात, ओरेसुंड सामुद्रधुनीच्या काठी असून पलीकडचा किनारा डेन्मार्कचा आहे. १६५८ च्या रोस्किल्डच्या तहापर्यंत हा प्रांतच डेन्मार्ककडे होता. तेथील बोलीत ‘र’ हा वर्ण जिभेच्या टोकाने न उच्चारता घशाच्या बाजूने उच्चारला जातो. डॅनिश व प्रमाण जर्मन यांतही तसेच आढळते. केवळ जन्मस्थानावरून कारकिर्दीची उपपत्ती लावणे योग्य नव्हे. तथापि भाषांच्या सीमा जेथे पुसट आहेत अशा प्रदेशातून ही गायिका आली, हे ध्यानात ठेवावयास हवे.

त्या काळी गीत आणि गायक यांचे नातेही आजच्यासारखे घट्ट नव्हते. १९५९ मध्ये स्वीडनमधील निवड-स्पर्धेत माल्मक्विस्ट यांनी गायिलेले ‘ऑगस्टीन’ हे गीत विजयी ठरले. परंतु कान येथील युरोव्हिजन स्पर्धेत ते ब्रीता बोर्ग यांनी सादर केले. पुढच्याच वर्षी याच्या उलट घडले. स्वदेशात इतरांनी गायिलेले गीत घेऊन माल्मक्विस्ट लंडनला गेल्या. निवड गीताची होई. कंठ नंतर ठरे.

भाषांतराचे स्वरूप पाहण्यास एकाच चालीचा प्रवास उपयोगी पडतो. १९६० मध्ये अमेरिकन गायिका कॉनी फ्रान्सिस यांचे ‘एव्हरीबडीज समबडीज फूल’ हे गीत गाजले. जर्मन श्रोत्यांसाठी त्यांनी स्वतःच ते जर्मनमध्ये गायिले. तेथे त्याचे शीर्षक ‘प्रेम हा एक विलक्षण खेळ’ अशा अर्थाचे झाले. स्वीडिशमध्ये तीच चाल माल्मक्विस्ट यांच्या कंठातून ‘तुन्ना शीवोर’ म्हणून अवतरली. ‘शीवा’ म्हणजे पातळ काप, आणि ध्वनिमुद्रिकेची तबकडीही. हा द्व्यर्थ मूळ इंग्रजी शीर्षकात नाही. म्हणजे तीन भाषांतील तीन शीर्षके परस्परांची भाषांतरे नव्हेतच; चालीने नेमून दिलेल्या अक्षरसंख्येत प्रत्येक भाषेने आपापला अर्थ बसविला आहे.

जर्मनीत माल्मक्विस्ट यांना विशेष यश लाभले. १९६४ मध्ये बाडेन-बाडेन येथील गीतमहोत्सवात ख्रिश्चन ब्रून यांनी स्वरबद्ध केलेले ‘लीबेस्कुमर लोन्ट झिश निश्ट’ हे त्यांचे गीत पहिले आले. ‘प्रेमात झुरण्यात अर्थ नाही’ असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. त्याच वर्षी उंबेर्तो मार्कातो यांच्यासह गायिलेले ‘सोले सोले सोले’ अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या शंभर गीतांच्या यादीत आले. जर्मन महोत्सवाचा इतिहास पाहता त्यांचे यश एकाकी दिसत नाही. १९६३ मध्ये डॅनिश गिटे हेनिंग, १९६५ मध्ये अमेरिकन पेगी मार्च आणि १९६६ मध्ये नॉर्वेच्या वेंके मिहरे तेथे विजयी झाल्या. सलग चार वर्षे जर्मन गीताचा बहुमान जर्मनेतर गायिकांना मिळाला.

या वस्तुस्थितीपुढे युरोव्हिजनचा भाषानियम उद्बोधक ठरतो. १९६५ मध्ये स्वीडनतर्फे इंगवार विक्सेल इंग्रजीत गायिले. त्यानंतर, १९६६ पासून, प्रत्येक देशाने स्वतःच्या भाषेतच गावे असे बंधन आले. तरी १९६९ मध्ये माद्रिद येथे जर्मनीच्या वतीने ‘प्रीमाबालेरीना’ हे जर्मन गीत गाणारी गायिका स्वीडिश होती. नियमाने गीताला राष्ट्रभाषेशी बांधले, गायकाला नव्हे. माल्मक्विस्ट यांची कारकीर्द याच फटीतून विस्तारली.

मात्र आयात केलेली चाल म्हणजे उसना आशय, असे मानणे चुकीचे ठरेल. १९६८ चे ‘मम्मा एर लीक सीन मम्मा’ हे त्यांचे गीत मुळात ऑस्ट्रेलियात जॉनी फार्नहम यांनी लोकप्रिय केलेले, एका सफाईकामगार स्त्रीविषयीचे गीत होय. स्टिग अँडरसन यांच्या स्वीडिश शब्दांनी तो विषय पिढ्यानपिढ्या घरकामाचा भार वाहणाऱ्या मातांपर्यंत नेला. मूळ गीतातील एका व्यक्तीच्या जागी येथे सामाजिक प्रश्न उभा राहिला. हे कार्य शब्दशः भाषांतराने साधले नसते.

१९७३ मध्ये भाषानियम काही काळ शिथिल झाला. १९७४ मध्ये ॲबा या स्वीडिश समूहाने ब्रायटन येथे इंग्रजी गीतानेच स्पर्धा जिंकली. त्याचे शब्दही अँडरसन यांचेच होते. येथून निराळी दिशा दिसू लागते. पूर्वी गायक श्रोत्याच्या भाषेकडे जाई; पुढे श्रोत्याने एका सामाईक भाषेकडे यावे अशी अपेक्षा वाढत गेली. या स्थित्यंतरात बाजारपेठ विस्तारली खरी, पण परक्या भाषेचे वर्ण जिभेवर घोळवून तिच्या श्रोत्यांना आपलेसे करण्याची रीत मागे पडत गेली. माल्मक्विस्ट यांच्या तबकड्या त्या रीतीचा पुरावा म्हणून जपण्याजोग्या आहेत.